साडेतीन वर्षांचा मुलगा मारतो, चावतो, वस्तू फेकतो... आणि ट्रेनिंग म्हणे आईबाबांचं?

मधुरा_क
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. खूप गोड आहे, बोलतो भरपूर, पण दिवसातून आठ-दहा वेळा तरी अक्षरशः युद्ध होतं. मारतो, चावतो, हातात येईल ते फेकतो. कालचं सांगते म्हणजे अंदाज येईल. सकाळी बाहेर पडायचं होतं, बूट घाल म्हटलं, नाही म्हणाला, परत म्हटलं, परत नाही, चौथ्यांदा माझा आवाज चढला तसा त्याने बूट भिरकावला तो बाळाच्या (धाकटी आठ महिन्यांची) पाळण्याच्या कडेवर आपटला, मी हात उगारला, तो जमिनीवर पालथा पडून डोकं आपटायला लागला आणि मी घाबरून मोबाईल हातात दिला. दोन मिनिटांत गप्प. मग तो कार्टून बघत असताना बूट मीच त्याच्या पायात घातले. रोज थोड्याफार फरकाने हेच.

बालवाडीतून चार वेळा बोलावणं आलंय. शेवटी एका समुपदेशक बाईंकडे गेलो, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या पुढच्या वेळेपासून काम मुख्यतः तुम्हा दोघांबरोबर असेल, त्याच्याशी कसं वागायचं ते तुम्ही शिकायचं. मला खूप वाईट वाटलं हो. म्हणजे मीच चुकतेय असं ना? प्रॉब्लेम मुलाला आहे आणि ट्रेनिंग माझं? कुणी असं काही केलंय का? उपयोग होतो का? प्लीज खरं खरं सांगा.

निवांत_वाचक
टेन्शन घेऊ नका. लहान मुलं आहेत, करणारच. आमचा मोठा पण असाच होता, शाळेत जायला लागला आणि आपोआप निवळला. उगाच लेबलं लावून घेऊ नका त्याला.

रेवाई
मधुरा, तुझी पोस्ट वाचली आणि आठ वर्षांपूर्वीची मी आठवले. माझा लेक तेव्हा चार वर्षांचा. मीही अशाच एका ट्रेनिंगला गेले होते, पहिल्या दिवशी तर रडूनच बाहेर आले कारण मलाही तेच वाटलं जे तुला वाटतंय. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वेळ होईल तेव्हा वाच.

आधी निवांत_वाचक म्हणतात त्याबद्दल. ते अर्धं खरं आहे. मारणं-ढकलणं-चावणं हे साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेक मुलांचं नंतर कमी होत जातं, कॅनडात रिचर्ड ट्रेम्ब्ले या संशोधकांच्या टीमने मुलांना वर्षानुवर्षं फॉलो करून हे दाखवलंय. म्हणजे मूल मारायला "शिकत" नाही, न मारायला शिकतं. पण सगळ्यांचं कमी होत नाही ना, काहींचं तसंच राहतं, आणि साडेतीन वर्षांच्या मुलात आत्ताच छातीठोक कोण सांगणार कुठलं मूल कुठल्या गटात जाईल. वाट बघण्यात तोटा झाला तर तो मुलाचा होतो. शाळेत "तो मारका मुलगा" हा शिक्का एकदा बसला की पुसायला फार वेळ लागतो, हे मी पाहिलंय.

आता तू लिहिलेला बुटाचा प्रसंग. तो परत एकदा वाच. अमेरिकेत ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांच्या टीमने लोकांच्या घरी जाऊन, तिथे बसून, कोण काय बोलतं आणि त्यावर दुसरा काय करतो हे बारकाईने टिपलं. त्यांना दिसलं ते अगदी तुझ्या घरातलं. आई सांगते, मूल नाही म्हणतं, आई चढते, मूल अजून चढतं, शेवटी आई सोडून देते. मूल शांत होतं म्हणून आईला हायसं वाटतं. दोघांनाही त्या क्षणी फायदाच झाला! मुलाला कळलं की पुरेसं जोरात केलं की बूट घालावे लागत नाहीत, वर मोबाईल मिळतो. आणि तुला कळलं की मोबाईल दिला की आपटणं थांबतं. पुढच्या वेळी दोघंही थोडं वरच्या पट्टीत सुरू करणार. यात वाईट कुणीच नाही, ना तू ना तो. ही गाठ दोघांच्या मधे बसलेली आहे, आणि ती सोडवायची तर मोठ्या माणसाने आधी हात घालायचा, कारण साडेतीन वर्षांच्या मुलाला ती दिसतच नाही. एवढ्याचसाठी ट्रेनिंग तुझं. आणि दुसरं साधं कारण, समुपदेशक त्याला आठवड्यात एक तास भेटणार, बाकी सगळे तास तो तुझ्याजवळ आहे.

अभय७९
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मुलांना धाक हवा. आम्ही आईवडिलांचा भरपूर मार खाल्ला, आज त्यांच्याबद्दल आदरच आहे. हल्ली मुलांना समजावत बसायचं, कौतुक करायचं, आणि मग मुलं डोक्यावर बसतात. हात उगारला तर दोन मिनिटांत बूट घातले असते.

मधुरा_क
अभयदादा, हात उगारून झालाय, खोटं कशाला सांगू, दोन-तीनदा मारलं पण आहे. त्या दिवशी ऐकतो. दुसऱ्या दिवशी बाळाला तस्संच मारतो आणि वर माझ्यासारखं बोट नाचवतो. ते बघून पोटात कालवतं.

रेवाई
अभय, तुम्ही लाडावून ठेवण्याबद्दल जे म्हणताय ते मला पटतं. मुलाला मर्यादा हवीच, आणि या पद्धतीचा निम्मा भाग मर्यादेचाच आहे. फक्त क्रम वेगळा आहे. १९६० च्या दशकात ओरेगनमध्येच कॉन्स्टन्स हॅन्फ नावाच्या बाईंनी हे दोन टप्प्यांत बसवलं, आधी मुलाबरोबर चांगला वेळ, मग शिस्त. त्यांच्याच विचारातून पुढे बरेच कार्यक्रम निघाले. शीला आयबर्ग यांचं पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी, ज्याला पीसीआयटी म्हणतात, ते त्यातलंच. कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांनी आईबाबांचे गट करून, व्हिडिओ दाखवून चर्चा करायची पद्धत काढली. ऑस्ट्रेलियात मॅट सँडर्स यांचं ट्रिपल पी. नावं वेगळी, पण गाभा बराचसा सारखा.

आणि मारण्याबद्दल मधुराने स्वतःच उत्तर दिलंय. मार त्या क्षणी चालतो म्हणूनच तो सुटत नाही. पण आपला राग आला की समोरच्याला मारायचं हेच तो त्यातून उचलतो.

शब्दसखी
मी स्पीच थेरपिस्ट आहे, छोट्या मुलांबरोबर काम करते. रेवाईंच्या म्हणण्याला दुजोरा, पण त्याआधी एक गोष्ट नक्की करा. कान तपासून घेतलेत का? सर्दी-कानदुखी वारंवार होणाऱ्या मुलांच्या कानात द्रव साठतो, ऐकू कमी येतं, आणि घरच्यांना वाटतं मुद्दाम ऐकत नाही. रात्री जोरात घोरतो का, झोप पूर्ण होते का तेही बघा, अपुऱ्या झोपेचं मूल दिवसभर चिडचिडं असतं. नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, येत असलेले शब्द गेले असतील, बोट दाखवून काही दाखवत नसेल, किंवा वागणं अचानक बदललं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांकडून नीट तपासणी. तुम्ही लिहिलंय बोलतो भरपूर, त्यामुळे घाबरवायचं नाहीये, फक्त राहून जायला नको.

मधुरा_क
कान तपासले, नॉर्मल आहेत. झोप मात्र... धाकटी झाल्यापासून रात्री सगळ्यांचंच खोबरं झालंय.
रेवाताई, करायचं काय नक्की? आमचं पहिलं सेशन दहा दिवसांनी आहे, तोवर काही सुरू करता येईल का?

रेवाई
येईल. रोज पाच मिनिटं. खरंच पाचच. फोन दुसऱ्या खोलीत, बाळ कुणाकडे तरी, आणि तो जे खेळतोय त्यात तू फक्त त्याच्या मागे जायचं. तीन गोष्टी करायच्या नाहीत: सूचना नाही, प्रश्न नाही, चूक काढणं नाही. ऐकायला सोपं आहे ना? करून बघ, पहिल्या मिनिटातच कळेल.

मला आठवतंय, लेक ठोकळे रचत होता आणि माझ्या तोंडून सुटलं "हा कुठला रंग?", मग "अरे मोठा खाली ठेव ना", मग "असा नाही, पडेल". मला कानात एक छोटं यंत्र लावलेलं होतं, पीसीआयटीत असंच करतात, ताई काचेपलीकडून बघतात आणि कानात हळू आवाजात सांगतात. त्या म्हणाल्या, "फक्त दिसतंय ते बोला." मी म्हटलं "तू लाल ठोकळा निळ्यावर ठेवलास." तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला "आता पिवळा." मी म्हटलं "आता पिवळा ठेवणार." आणि तो सरकत सरकत येऊन माझ्या मांडीला टेकून खेळायला लागला. चार वर्षांचं पोर, त्या दिवसापर्यंत मी त्याच्याशी सलग एक मिनिट सुद्धा काही न सांगता, न विचारता बसले नव्हते हे मला तेव्हा कळलं. ते अजून आठवलं की डोळे भरतात.

तर, तो करतो ते बोलून दाखव, तो बोलतो ते परत म्हण, तो खेळतो तसं खेळ, आणि कौतुक कर, पण नेमकं. "शाब्बास", "गुड बॉय" याने त्याला कळत नाही काय चांगलं केलं. "ठोकळा हळू ठेवलास, छान", "मला गाडी दिलीस, मला आवडलं", असं. पीसीआयटीत पुढच्या टप्प्यावर जायला चक्क मोजतात, पाच मिनिटांत अशी नेमकी कौतुकं १०, त्याचं बोलणं परत म्हणणं १०, कृतीचं वर्णन १०, आणि प्रश्न, सूचना, टीका मिळून तीनपेक्षा कमी. मला तिथे पोचायला सहा आठवडे लागले.

आणि हे बक्षीस नाहीये हां. त्याने दिवसभर धिंगाणा घातला तरी त्या दिवशीही पाच मिनिटं द्यायचीच. उलट त्याच दिवशी जास्त गरज असते.

दोन_पिल्लांचा_बाबा
इथे बाबा लोक कमी लिहितात म्हणून लिहितो. माझी बायको एकटी हे सगळं करत होती आणि मी संध्याकाळी येऊन एका मिनिटात त्यावर पाणी ओतत होतो. ती रडण्याकडे दुर्लक्ष करत होती, मी रडणं ऐकून फोन देत होतो. मुलीला बरोब्बर कळलं होतं कुणाकडे काय चालतं. मग मीही सेशनला गेलो. दोघांनी जा, निदान दोघांचे नियम तरी एक करा. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही सांगा, पण "तुम्ही चुकता" असं नका सांगू, "आम्ही हे करून बघतोय, महिनाभर साथ द्या" असं सांगा. आमच्याकडे तेच लागू पडलं.

मधुरा_क
(९ दिवसांनी)
पाच मिनिटं रोज करतेय. त्यात तो खरंच वेगळाच मुलगा असतो. पण बाकी दिवस वाईट झालाय!! किरकिर करून मागितलं तर द्यायचं नाही असं ठरवलं, आणि काल फोनसाठी चाळीस मिनिटं रडला. चाळीस. एरवी दहा मिनिटांत थांबायचा. मी पस्तिसाव्या मिनिटाला देणार होते, नवऱ्याने हात धरला. हे असं असतं का? आपण त्याला त्रास देतोय असं वाटतंय.

रेवाई
असंच असतं, आणि बरेच आईबाबा नेमके इथेच सोडून देतात, म्हणून जपून वाच. इतके दिवस रडलं की मिळायचं, आता मिळत नाही, तर तो आधी अजून जोर लावून बघणारच. लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही की आपण लगेच जिना धरत नाही, आधी चार वेळा जोरात बटण दाबतो, तसं. याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात. पस्तिसाव्या मिनिटाला दिला असतास तर तो शिकला असता की पस्तीस मिनिटं रडायचं. नवऱ्याला माझ्याकडून थँक्यू सांग.

पण दोन गोष्टी. दुर्लक्ष हे किरकिर, हट्ट, ओरडणं यांच्याकडे. मारणं, चावणं, बाळाच्या अंगावर काही फेकणं याकडे कधीच नाही, तिथे ताबडतोब मधे पडायचं. आणि दुर्लक्ष म्हणजे रुसून बसणं नाही. तू तिथेच असायचं, चेहरा साधा, आणि तो क्षणभर जरी शांत झाला, श्वास घ्यायला जरी थांबला, की लगेच वळून "शांत झालास, आता मला ऐकू येतंय". अबोला लांबवायचा नाही. दुर्लक्षाचा निम्मा उपयोग त्या वळण्यात आहे.

अभय७९
हे वाचतोय. चाळीस मिनिटं रडू देणं मला जमलं नसतं. एक विचारतो, मग मारलं-चावलं तर करायचं काय? टाइमआउट म्हणजे मुलाला एकटं टाकणं, ते वाईट असं पण वाचलंय.

रेवाई
चांगला प्रश्न. त्यावर लोकांचे वाद आहेत. माझं मत सांगते. अंधारात, कोंडून, ओरडत, "विचार कर काय केलंस" म्हणत अर्धा तास बसवणं हे टाइमआउट नाहीच, ती शिक्षा आहे. मी शिकले ते असं: एक नियम आधीच, शांत असताना समजावलेला, "मारलं की खुर्चीवर". मारलं की एक वाक्य, साध्या आवाजात. खुर्ची त्याच खोलीत. तीन मिनिटं, शेवटचे काही सेकंद तरी शांत, आणि मग संपलं. परत उकरून काढायचं नाही. खुर्चीवरून उठला की पहिली चांगली गोष्ट करेल तिचं कौतुक. हे सुद्धा सेशनमध्ये, ताईंसमोर सराव करून मगच घरी, स्वतःच्या मनाने नको. आणि ज्या घरात पाच मिनिटांचा तो खेळ नाही तिथे खुर्चीचा काही उपयोग नाही, कारण ज्या गोष्टीपासून बाजूला काढलं ती आधी हवीहवीशी असायला हवी ना.

२००८ मध्ये जेनिफर कमिन्स्की या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ७७ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं होतं, सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आईबाबांसाठीच्या कार्यक्रमांचं. जिथे परिणाम जास्त दिसला तिथे काय होतं, तर चांगला संवाद वाढवायला शिकवणं, टाइमआउट नीट वापरायला शिकवणं, सातत्य, आणि चौथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, सेशनमध्येच स्वतःच्या मुलाबरोबर सराव. नुसतं लेक्चर ऐकून, रील्स बघून होत नाही ते म्हणूनच. पोहणं काठावर बसून येत नाही.

शब्दसखी
एक भर घालते. हे काही कुणा एकाचं मत राहिलेलं नाही. ब्रिटनमधल्या नाइस या, उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ३ ते ११ वर्षांच्या अशा मुलांसाठी पालक प्रशिक्षणच सुचवलंय. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ मध्ये एडीएचडीबद्दल (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) म्हटलंय की चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये औषधाआधी हेच करा. आणि अजून लहान मुलांतही, १२ ते ३६ महिन्यांच्या, ब्रिटनमध्ये ३०० कुटुंबांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. घरी जाऊन आईबाबा आणि मूल खेळताना शूटिंग करायचं आणि मग त्यांनाच ते क्षण दाखवायचे, अशा सहा भेटी. पाच महिन्यांनी त्या मुलांचे वागण्याचे त्रास तुलनेने कमी होते.

मधुरा, एक खासगी विचारू का, उत्तर इथे दिलं नाहीस तरी चालेल. तू कशी आहेस? बाळ आठ महिन्यांचं, रात्री झोप नाही. आईला नैराश्य असेल तर हे सगळं दुप्पट जड जातं आणि त्यावर उपचार होतात. सेशनमध्ये स्वतःबद्दलही बोल.

मधुरा_क
शब्दसखी, हे वाचून रडले. इथे नाही लिहित पण बोलेन. नक्की बोलेन.

मधुरा_क
(दोन महिन्यांनी)
धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं राहिलं होतं. सात सेशन झाले. डॉक्टरांशी माझ्याबद्दलही बोलले, त्यावरही उपचार चालू आहेत.

सगळं छान झालंय असं नाही. गेल्या आठवड्यात बालवाडीत एकाला चावला. पण आता दिवसातून आठ-दहा नाही, दोन-तीन वेळा होतं, आणि लवकर संपतं. बुटाचं सांगते. आता मी लांबून ओरडत नाही. जवळ जाते, खाली बसते, एकदाच म्हणते, "बूट घाल." मग पाच सेकंद काहीच बोलायचं नाही. ते पाच सेकंद मला सगळ्यात अवघड गेले, तोंड शिवल्यासारखं वाटायचं. पहिल्यांदा त्याने एकच बूट हातात घेतला आणि नुसता धरून उभा राहिला. मी म्हटलं, "बूट उचललास, लगेच ऐकलंस." त्याने पायात घातला. उलटा! डाव्याचा उजव्यात. मी काही बोलले नाही. तसेच घालून निघालो.

बालवाडीच्या बाईंनाही पाच मिनिटांचं आणि नेमक्या कौतुकाचं सांगितलं, त्या करून बघते म्हणाल्या.

कालचं माझं मोजमाप: कौतुक ११, वर्णन १०, त्याचं बोलणं परत म्हणणं ८, पण प्रश्न ४. रेवाताई, हे प्रश्न काही केल्या जात नाहीत. मी "तू घर बांधतोयस" म्हणायला जाते आणि तोंडातून "तू घर बांधतोयस?" असंच निघतं.

रेवाई
अगं दोन महिन्यांत इथवर आलीस! प्रश्नाचं सांगते, माझंही तेच व्हायचं. वाक्याच्या शेवटी आवाज वर जातो म्हणून विधानाचा प्रश्न होतो. शेवटचा शब्द मुद्दाम खालच्या पट्टीत म्हण, जरा सावकाश. आणि शेवटी "ना", "हो ना" लावायची सवय असेल तर ते पण मोज, तेही प्रश्नच धरतात. उद्या फोनवर रेकॉर्ड करून स्वतःच ऐक.

मधुरा_क
ऐकलं आत्ता. "हो ना" सहा वेळा!! ते मी मोजलेच नव्हते. म्हणजे प्रश्न ४ नाही, १०. उद्या परत.